कॅलेंडरामागचं शून्य

आमच्या हायस्कूलचा इतिहास लिहायचं काम मुख्याध्यापिका मॅडमनी माझ्याकडं दिलं, त्याला कारण माझं अक्षर. माझं अक्षर चांगलं आहे. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. या अक्षरानं माझं आणि माझ्याबरोबर आणखी सोळा जणांचं जे केलं ते शाळेच्या इतिहासात यायलाच पाहिजे होतं, आणि नेमकं तेच मी अकरा वर्षं एका कॅलेंडरामागं झाकून ठेवलं होतं.

आधी शाळेचं सांगतो. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून थोडं आत, झेडपीचं हायस्कूल आहे. आठवी ते दहावी, सहा खोल्या, एक लिंब आणि लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. हा तुकडा वाजला की शाळा भरते, सुटते, आणि आजूबाजूच्या शेतांत निंदायला आलेल्या बाया भाकरी सोडतात. पूर्वी सातवीच्या पुढं शिकायचं तर गोरेगावला पायी जावं लागायचं. मग गावातल्या चार जाणत्यांनी चकरा मारून आठवी मंजूर करून आणली. आठवी मिळाली, खोली मिळाली नाही. पहिला वर्ग भरला एका शेतकऱ्याच्या गोदामात. अर्ध्यात तुरीची पोती, अर्ध्यात विद्यार्थी. पोती विकली गेली की वर्ग मोठा व्हायचा, सुगीला परत लहान व्हायचा. पुढं गावानं वाळू दिली, तांड्यानं टेकडीवरचा दगड बैलगाड्यांनी आणून टाकला, आणि पोरांनी कवायतीच्या तासाला भिंतींना पाणी मारलं. आजही पूर्वेच्या खोलीची भिंत जरा वाकडी आहे, त्या बाजूला तेव्हा नववीची पोरं होती म्हणतात.

मी या शाळेत शिकायला आलो तेव्हा खोल्या चार होत्या आणि गणिताची जागा रिकामी होती. दोन वर्षं रिकामी होती. गणित आम्हाला खेळाचे सर शिकवायचे. माणूस फार चांगला. गणित म्हणजे सराव आणि सराव म्हणजे मैदान, असं त्यांचं मत होतं. त्यामुळं आमची कबड्डी तालुक्यात गाजली.

तर माझं अक्षर. शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहायचो. गावातल्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं मी टाकायचो. ज्याचं अक्षर मोत्यासारखं तो हुशार, याबद्दल आमच्या गावात कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती. वर्गात मला नावानं कुणी हाक मारतच नसे, सगळे 'हुशार' म्हणत. आता इतकी माणसं एक गोष्ट म्हणत असतील तर आपण एकट्यानं तिच्याविरुद्ध का जावं?

दहावीला आम्ही सतरा जण बसलो. बीजगणिताच्या पेपरला मी पहिलं उत्तर झोकात लिहिलं, कागद जरा तिरपा धरला, आणि मागच्याला दिसला. मागच्यानं त्याच्या मागच्याला दाखवला. तासाभरात माझं बीजगणित शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. माझ्या हातून वर्गाची सेवा होत असल्यानं मला मनातून फार भरून आलं होतं. फक्त एक भानगड होती. समीकरणात आकडा बरोबरच्या चिन्हापलीकडं नेला की अधिकचं वजा होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी सुविचार लिहायला बाहेर होतो. मी आकडे पलीकडं नेले, पण जसेच्या तसे नेले. पेपरभर नेले. भूमितीत तर आमच्या हातात काहीच नव्हतं. पेपर तपासणाऱ्याला सतरा पेपरांत एकच चूक त्याच जागी सापडली तेव्हा त्याला काय वाटलं असेल? आमच्या भागात बीजगणित वेगळं असतं असंच वाटलं असणार.

निकाल लागला. शून्य.

ऑफिसात निकालाचा फलक होता, आजही आहे. काळी लाकडी पाटी, पांढरा ऑइलपेंट. वर्ष, बसलेले, उत्तीर्ण, प्रथम आलेल्याचं नाव. तेव्हाच्या मोठ्या गुरुजींनी मला बोलावलं. मला वाटलं छडी खावी लागणार, म्हणून मी दोन चड्ड्या घालून गेलो. गुरुजींनी हातात ब्रश दिला आणि म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं हाय. तूच लिही." आणि बाहेर निघून गेले.

मी वर्ष लिहिलं. बसलेले, सतरा. मग शून्य काढलं. ते काढताना माझा हात थरथरला असं लिहायला मला आवडलं असतं. खरं असं की ते गोल यावं म्हणून मी तीनदा पुसून परत काढलं.

ऑक्टोबरच्या परीक्षेला मी परत बसलो आणि घासून पास झालो. सतरांतले पाच जण बसले, बारा बसलेच नाहीत. आणि त्या बारांतल्या एकानंही मला कधी बोल लावला नाही. पुढं मी त्या एका चिन्हाच्या इतका मागं लागलो की बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, गणिताचाच मास्तर झालो, आणि फिरत फिरत बारा वर्षांपूर्वी बदली होऊन स्वतःच्याच शाळेत आलो.

पहिल्या दिवशी ऑफिसात शिरलो तर शिपाई पाटी पुसत होते. ते त्या बारांतले. माझ्याच मागच्या बाकावरचे. पोरं त्यांना मामा म्हणतात, चारचौघांत मीही मामाच म्हणतो. ते चारचौघांत मला सर म्हणतात आणि कुणी नसलं की हुशार. फडकं न थांबवता ते म्हणाले, "हुशार, तुझं शून्य हाय तसं हाय. दरसाल पुसून ठेवतो."

आठवड्याच्या आत मी गोरेगावच्या खताच्या दुकानातून एकपानी मोठं कॅलेंडर आणलं आणि पाटीवर खिळा ठोकून बरोबर त्या जागी टांगलं. गणिताचा सर याच शाळेत गणितात नापास झालेला, हे पोरांना कळलं तर शिकवायचं कोणत्या तोंडानं? कॅलेंडर जरा मोठं होतं. एका ओळीसाठी मी पुढच्या चार वर्षांच्या पहिल्या आलेल्या पोरांची नावं झाकून टाकली. त्यांतला एक फौजेत गेलेला जवान बायकोला आपलं नाव दाखवायला घेऊन आला होता, तर नावावर श्रावणाचा चौकोन. दर जानेवारीत मामा जुनं काढून नवं लावत आणि लावताना माझ्याकडं असं बघत, जसं काही देवाचं वस्त्र बदलत आहेत.

असं सगळं सुरळीत चालू होतं, आणि मग गेल्या साली एक पोरगी नापास झाली.

आमच्या तेवीस पोरांमधली ती एकटीच. टेकडीपलीकडच्या तांड्यावरची, तिथून दहावीपर्यंत आलेली पहिलीच पोरगी. रोज चार किलोमीटर सायकलनं यायची. मराठीत, इतिहासात चांगले मार्क, गणितात अठ्ठावीस. जुलैत परत परीक्षा असते, पास झाली तर वर्ष वाया जात नाही. पण फॉर्म भरायची तारीख जवळ आली तरी ती शाळेकडं फिरकली नाही. मॅडम म्हणाल्या, सर, तुमचाच विषय आहे, जाऊन या.

मामांना गाडीवर मागं बसवून तांड्यावर गेलो. तिचा बाप मोठा समजूतदार माणूस, चार एकर शेती करणारा. त्यानं बाज टाकली, पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, माझी ना न्हाई. पोरगीच ऐकून नाही राहिली. पुस्तकं बांधून कोठीवर टाकली तिनं." पोरगी उंबऱ्याजवळ बसली होती, पेरणीच्या आधी बियाणं उगवतं का बघायला ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे मांडत होती. शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत. मी तिला बरंच समजावलं. अपयश म्हणजे काय, यश म्हणजे काय. फळ्यावर लिहिलेले सगळे सुविचार मी तोंडी म्हणून टाकले. तिनं मान वर केली नाही.

शेवटी म्हणाली, "सर, तुमाला नाही समजणार. तुमी झाले का कधी नापास?"

आता इथं देवानं मला अलगद समोर संधी आणून दिली होती. आणि मी म्हणालो, "मी नाही. पण माझा एक मित्र झाला होता."

तिनं शेवटचा दाणा ठेवला, गोणपाट गुंडाळलं आणि आत निघून गेली.

परतताना टेकडी उतरली. ओढा ओलांडला तसं मामांनी मागून विचारलं, "तो मित्र कोण म्हणायचा?"

पुढचे पाच दिवस मी तांड्याकडं गेलो नाही. काम होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. काम असं काही नव्हतं, कॅलेंडराकडं बघत बसायचो. पाचव्या दिवशी मॅडमनी सांगितलं की उद्या शेवटची तारीख. मी मामांना म्हणालो, चला, आज तिला खरं सांगून टाकतो. मामा म्हणाले, "सांगशील, पण ती मानणार न्हाई. त्या दिवशी तिच्यासमोर खोटं बोलला तू. पुरावा घे सोबत."

आणि त्यांनी पाटीच भिंतीवरनं उतरवली.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, न्या, पण ओरखडा पडू देऊ नका. तर शाळेचा सगळा इतिहास माझ्या आणि मामांच्या मधे उभा धरून आम्ही मोटरसायकलवर निघालो. पाटी चार फुटी. समोरून वारं आलं की गाडी रस्ता सोडून पाटीच्या मर्जीनं जायची. वर कॅलेंडर फडफडत माझ्या डोक्यावर आपटत होतं. पारावर बसलेल्यांनी विचारलं, शाळा विकायला काढली का गुरुजी? पुढं एक म्हातारा बैलं थांबवून म्हणाला, निकाल घरोघर दाखवून राहिले का यंदा? मामा सगळ्यांना व्हय व्हय म्हणत होते. ओढ्यात मी गाडी बंद पाडली, आणि दहावीच्या तीस-बत्तीस वर्षांच्या निकालांसकट गुडघाभर पाण्यात उतरलो. पाटी मामांनी डोक्यावर घेतली. मला कुणी घेतलं नाही.

तांड्यावर पोचलो तेव्हा पोरगी तेच गोणपाट उलगडून कोंब मोजत होती. आम्हाला बघून तिनं मोजणं थांबवलं नाही. मोजून झाल्यावर बापाला म्हणाली, "शंभरातले चौसष्ट उगवले. सत्तर उगवले असते तर एकरी तीस किलोनं भागलं असतं, आता तेहतीस टाका." बाप बराबर म्हणाला आणि विषय संपला. मी ते मनात करून पाहिलं. ती बरोबर होती, पण मला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पाटी भिंतीला टेकवून ठेवली. मी कॅलेंडर काढलं.

"ही ओळ वाच," मी म्हणालो.

तिनं वाचली. बसलेले सतरा, उत्तीर्ण शून्य. मग वर्ष वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं, परत अक्षराकडं पाहिलं. तीन वर्षं ती हे अक्षर फळ्यावर बघत होती.

"हे तुमी लिहिलं."

"मीच लिहिलं. सतरांत मी होतो. मामा होते. मित्र-बित्र कुणी नव्हता."

बाप उठून पाटीजवळ आला. मला वाटलं, आता एवढं केलंच आहे तर पुरतं करावं. कॅलेंडरची मागची बाजू कोरी होती. त्यावर मी पेपरातल्यासारखं एक साधं समीकरण लिहिलं, ३x + ५ = २०, आणि खाली त्या दिवशी लिहिलं होतं अगदी तसं लिहीत गेलो. ३x = २० + ५. माझं अक्षर तेव्हाही सुरेख आलं.

"सर," ती लगेच म्हणाली, "पाच पलीकडं गेल्यावर वजा व्हायला पाहिजे."

"व्हायला पाहिजे. मी केलं नाही. पूर्ण पेपरात केलं नाही. आणि सगळ्यांनी माझंच पाहून लिहिलं."

तिच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं, तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला. ते बाजेच्या कडेला उभे होते.

"म्हणजे पेपर अवघड नव्हता."

मला आठवलं की हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरात मला कळलं, आणि पुढं इतकी वर्षं मी त्यांच्यासोबत रोज एका शाळेत चहा प्यालो, पण सांगितलं नाही.

"नव्हता," मी म्हणालो.

"मंग काहून नाही बोलला?"

"तुम्ही सगळे हुशार म्हणत होता. बरं वाटायचं."

पोरगीनं विचारलं, "मामा, तुमी परत नाही बसले का परीक्षेला?"

"न्हाई माय."

"काहून?"

"हा एवढा हुशार नापास झाला, तर म्हटलं पेपरच तसा असन. आपलं काय खरं हाय त्याच्यापुढं." ते तिच्याशी बोलत होते पण बघत माझ्याकडं होते. "आमच्या बारा जणांचं तसंच झालं."

आतापर्यंत मी समजत होतो की मी फक्त एक पेपर बुडवला. पेपर तर परत देता आला असता. बारा जणांनी तो परत दिला नाही, ते माझ्या चुकीमुळं नाही, माझ्या नावामुळं. हे मला त्या अंगणात, ओल्या पँटीत उभं असताना कळलं. कुठलाही सुविचार आठवला नाही.

पोरगी उठली. गोणपाट झटकून दोरीवर टाकलं, पाटीतलं शून्य परत एकदा जवळून पाहिलं आणि म्हणाली, "सर, फारमला फोटो लागन का?"

"लागेल."

"दोन?"

"एक पुरे. उद्या दुपारच्या आत ये."

दुसऱ्या दिवशी ती शाळा भरायच्या आधीच लिंबाखाली सायकल घेऊन उभी होती. फॉर्म गेला.

मामांनी पाटी परत जागेवर लावली. तिच्यातला कॅलेंडरचा खिळा उपटून त्यांनी खिशात टाकला आणि बाहेर गेले. त्यानंतर ते मला सर म्हणू लागले. चारचौघांतही आणि कुणी नसतानाही. चहा आणून द्यायचे, सर म्हणायचे, निघून जायचे. तो आठवडा मला फार जड गेला. हुशार या हाकेची मला इतकी सवय झाली होती, हे ती बंद झाल्यावर समजलं.

पोरगीचा जादा तास मी शाळा सुटल्यावर घ्यायचो. एक दिवस सुटीचे टोले देऊन मामा आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. हातात कुलूप. मला वाटलं खोली बंद करायची घाई असेल. तर म्हणाले, "चालू द्या सर. मला फक्त पाहायचं हाय, बाकीची गणितंबी तशीच सोपी होती का." त्या दिवसापासून ते रोज बसू लागले. आठ दिवसांनी त्यांनी वही आणली. एखादं उदाहरण अडलं की पोरगी मागं वळून त्यांना सांगायची, आणि ते मला विचारायच्या ऐवजी तिलाच विचारायचे. मला ते बरोबर वाटलं. आमच्या दोघांत ज्याच्यावर भरवसा ठेवावा असं माणूस तीच होती.

ती पास झाली. गणितात एक्कावन्न. आता हिंगोलीला अकरावीत आहे, विज्ञान घेतलंय. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली तेव्हा ऑफिसात पाटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली की जुलैत पास झालेल्यांचीबी एक ओळ पाहिजे होती. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी ब्रश काढला. जागा थोडीच होती, अक्षर बारीक काढावं लागलं, पण आलं चांगलं.

ते शून्य आता उघडं आहे. नवीन पोरं विचारतात, सर, एवढं छान शून्य कुणी काढलं? मी सांगतो. पहिले दोन दिवस वर्गात हसू होतं, मग एक फायदा झाला. न येणारं गणित आता पोरं लपवत नाहीत, बिनधास्त हात वर करतात. वाईट इतकंच की कधीकधी सगळेच करतात.

आणि मामांनी या साली बाहेरून दहावीचा फॉर्म भरला आहे. बारांतल्या आणखी दोघांना त्यांनी गाठलं, त्यांतला एक वर्गात यायला लागलाय, कापसाच्या कामातून वेळ मिळाला की येतो. परीक्षा व्हायची आहे. काय होईल ते मला माहीत नाही, आणि यावेळी तिघांनाही मी सांगून ठेवलं आहे की कुणीही माझ्या भरवशावर राहू नका.

परवा मामांनी घरी सोडवलेली दहा समीकरणं तपासायला दिली. जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहिलेली, अक्षर अगदी कोंबडीचं. मी घाईत होतो. सातव्यावर लाल पेनानं भली मोठी फुली मारली. मामांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला, ओठ हलवत परत एकदा केलं, आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

"चिन्ह पाहा, हुशार," ते म्हणाले.

मी पाहिलं. त्यांचं बरोबर होतं.